चिंधू कापड दुकान, पारोळा

वीज मंडळाच्या डीप्यांवर मी बावीस वर्षं 'खतरा' लिहिला,
लाल रंगात, वर कवटी, खाली दोन हाडं.
एका खतऱ्याचे बारा रुपये, रंग माझा.
परवा शिडीखाली उभं राहून ऋत्विज म्हणाला,
'सुपडूकाका, तुमचं अक्षर म्हणजे खतरनाक.'
मी आधी शिडी धरली.
मग कळलं, कौतुक आहे.

त्याला आजोबांच्या दुकानाचा बोर्ड बदलायचा होता.
जुन्यावर माझ्याच वडिलांचं अक्षर, उन्हानं पोपडे आलेलं:
चिंधू दगडू शिरुडे, कापडाचे व्यापारी.
'चिंधू नको काका. सी. डी. फॅशन्स लिहा.
धुळ्याचं गिऱ्हाईक हसतं.'

आजोबा गल्ल्यामागे
लोखंडी मीटरनं पाठ खाजवत बसलेले.
नव्वदीला टेकलेत, ऐकू येतं ते त्यांच्या सोयीनं.
त्यांच्या आधीची दोन गेली होती.
तिसऱ्याला मायनं जुनेराच्या फाटक्या तुकड्यात गुंडाळलं,
आणि दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाली,
'यमले वाटाले पाह्यजे, आठे चिंधीच पडेल शे.'
यम आला असेल, नसेल.
चिंधी मात्र राहिली,
चौथीपर्यंत शिकली, बोरीकाठच्या बाजारात गठ्ठे उचलून
पुढे आठ खणांचं दुकान झाली.

अस्तर घ्यायला निकुंभबाई आल्या होत्या,
हायस्कुलात तीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या.
अस्तराचा रंग ब्लाउजाशी जुळवता जुळवता,
वर न बघताच म्हणाल्या,
'अरे, संस्कृतात कर्पट म्हणजे चिंधी. फाटकं फडकं.
तेच घासत घासत आपल्याकडे कापड झालं.
तुझ्या आजोबांच्या पाटीवर एकच शब्द दोनदा आहे,
एकदा फाटलेला, एकदा ताग्यातला.'
ऋत्विज हसला, 'काहीही, बाई.'
'काहीही कसं? साहस म्हणजे तेव्हा दरोडा, खून.
राजा दंड करायचा.
आणि या सुपडूनं मागच्या महिन्यात
शाळेच्या भिंतीवर साहस शिबिर रंगवलं
फुलपाखरांसकट.'

खरं होतं. फुलपाखरांचे वेगळे पैसेही घेतले होते.

तेवढ्यात गल्ल्यामागून आवाज आला,
'मंग मन्हं नाव कापडच शे?'
'तेच आहे, आप्पा.'
आप्पांनी मीटर खाली ठेवला.
बराच वेळ हातातल्या पॉपलिनचा काठ चिमटीत धरून बसले,
आणि कुणालाच नाही असं म्हणाले,
'मायले सांगाले पाह्यजे व्हतं.'

दुपारभर मी जुना रंग खरवडत होतो.
चैत्राचं ऊन, पत्रा इतका तापलेला की टर्पेंटाइन
लावता लावता उडून जायचं.
मनात बाईंचे शब्द शिडी चढत होते एकेक.
चढोत बापडे.
पण माझ्या आजाला गावात ज्या शब्दानं हाक मारायचे,
तो अजून खालीच बसलाय.
त्याला कुणी शिडी लावली नाही.
मी शिडीवाला माणूस,
मीही तो कुठं लिहिला नाही, कुणी कितीही पैसे दिले तरी.
घासून घासून त्याचं काही होईल का,
हे बाईंना विचारायचं राहिलं.
की विचारलंच नाही.

संध्याकाळी ऋत्विजनं सांगितलं, 'असू दे काका, चिंधूच लिहा.
पण मोठं लिहा.'
अक्षरामागे पस्तीस रुपये ठरले.
अनुस्वाराचे द्यायचे की नाहीत, यावर थोडी हुज्जत झाली.
मी म्हटलं, तो टिंब काढला तर चिधू उरतं,
त्याला धड अर्थच नाही, वाईटही नाही.
आप्पा आतून ओरडले, 'दे रे त्याले टिंबना पैसा!'

टिंब मी सगळ्यात शेवटी दिला.
पिवळा, आंब्याच्या कैरीएवढा जाड.
रात्री दुकान बंद करताना तो ओलाच होता,
आप्पांनी बोट लावून बघितलं,
आणि ते बोट धोतराला पुसलं.